जुनी थार सीआरडीई: इंजिनचा दिवा, तीन कोड आणि ‘उडवून टाका’ म्हणणारे

पठारावरचा_गडी (सातारा)

मंडळी, गाडी २०१२ ची महिंद्रा थार सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल डिझेल. एमएच-११ पासिंग, बीएस-३ (धुराच्या नियमांचा जुना टप्पा). रविवारी ठोसेघरवरून चाळकेवाडीच्या पठारावर गेलो होतो. धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसेना, वरून बारीक पाऊस. पवनचक्क्यांच्या कच्च्या रस्त्याला लागलो आणि चेक इंजिनचा दिवा पेटला. पिकअप गायब. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी नुसती रांगत होती. बंद केली, थोडं थांबून परत चालू केली तर पिकअप आला, दिवा मात्र तसाच.

घरी आल्यावर ब्लूटूथ डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून फोनवर दोषाचे कोड दाखवणारं छोटं यंत्र) लावून वाचलं. हे तीन कोड आले:

पी ०१९२ – रेल प्रेशर सेन्सर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब), सर्किट लो
पी ०२३७ – टर्बो बूस्ट सेन्सर (टर्बोनं दाबलेल्या हवेचा दाब), सर्किट लो
पी ०६४२ – सेन्सर रेफरन्स व्होल्टेज ‘ए’, सर्किट लो

एका गॅरेजवाल्यानं कोड बघून सांगितलं, दोन्ही सेन्सर बदला. खर्च पाच आकडी. दुसरा म्हणाला, कोड उडवून टाका, परत आला तर बघू. ॲपमध्ये ‘क्लिअर’चं बटण समोर आहे, बोट वळवळतंय. पुढच्या आठवड्यात बामणोलीकडे जायचं ठरलंय. काय करावं?


डिझेलआप्पा (कराड)

उडवा की. दिवाच पेटलाय, इंजिन नाही पेटलं.

आणि पुढच्या वेळी डीआय घ्या. माझी थार डीआय, २५२३ सीसी, ६३ बीएचपी, मेकॅनिकल पंप. ना ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), ना सेन्सर, ना कोड. काळा धूर आला तर एअर फिल्टर बघायचा, पांढरा आला तर वेगळं बघायचं. ब्लूटूथ फक्त गाणी ऐकायला.


रानवाटा (वाई)

आप्पा, तुमची डीआय पसरणी घाटात ट्रकच्या मागं लागली की मागचे सगळे तुमचीच गाणी ऐकत येतात. राहू द्या.

पठारावरचे दादा, थोडं थांबा. काही उडवू नका. मिरजेचे वायरमन काका रात्री ऑनलाइन असतात, त्यांना बघू द्या. मलाही या धाग्यात एक विचारायचंय, माझ्या स्कॉर्पिओला डोंगल कनेक्टच होत नाही. पण आधी तुमचं होऊ दे.


वायरमन_मिरज

बोट बटणावरून काढा.

क्लिअर मारलं की नुसता दिवा विझत नाही. कोड पडला त्या क्षणी इंजिनचे आरपीएम किती होते, पाणी किती तापलं होतं, लोड किती होता, याची नोंद ईसीयू ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. तुमच्या बीएस-३ गाडीत साध्या डोंगलला ती मिळेल न मिळेल, पण गॅरेजच्या मोठ्या स्कॅनरला बहुधा मिळते. क्लिअर मारलं की तीही जाते. मग पुढचा माणूस आंधळा. म्हणून आधी सगळ्याचे फोटो काढा. कोडचे, फ्रीझ फ्रेमचे, आणि पेंडिंग, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या कोडचा वेगळा पडदा असतो त्याचेही.

आता तुमचे तीन कोड. गॅरेजवाल्यानं वरचे दोन वाचले आणि तिसरा सोडला. खरा धागा तिसऱ्यात आहे. रेल प्रेशर सेन्सर काय, बूस्ट सेन्सर काय, असल्या तीन वायरच्या सेन्सरना ईसीयूकडून पाच व्होल्ट जातात. एक वायर पाच व्होल्टची, एक अर्थची, एक सिग्नलची. एकाच पाच व्होल्टच्या लाइनवर एकाहून जास्त सेन्सर लटकलेले असू शकतात. पी ०६४२ म्हणतोय की ती पाच व्होल्टची लाइनच खाली बसली. लाइन बसली की तिच्यावरचे सगळे सेन्सर ‘लो’ दाखवणार, नवेकोरे असले तरी. दोन सेन्सर एकाच सेकंदाला मरतात असं माझ्या बाकावर फार कमी वेळा बघितलंय.

कोड म्हणजे तलाठ्याकडे आलेली तक्रार. कुणाच्या रानात पाणी शिरलं ते कळतं, बांध कुणी फोडला ते जागेवर जाऊनच बघावं लागतं.

पावसात झालं, धुक्यात झालं, बंद-चालू केल्यावर गेलं. मला वायरचा किंवा कपलरचा (वायर जोडणाऱ्या प्लगचा) वास येतोय. गाडीत बाहेरून काय काय बसवलंय ते सांगा. बार, लाइट, हॉर्न, स्नॉर्कल (इंजिनला वरून हवा देणारा उंच पाइप), काहीही.


पठारावरचा_गडी (सातारा)

काका, फोटो काढून ठेवले. फ्रीझ फ्रेम डोंगलला येत नाही, ‘नो डेटा’ म्हणतो.

बाहेरचं म्हणाल तर पुढं एलईडी बार, विंच नाही, आणि उन्हाळ्यात स्नॉर्कल बसवून घेतला. बाकी गाडी कंपनीची आहे तशी.


वायरमन_मिरज

स्नॉर्कल बसवताना फेंडरला भोक पाडतात, आत पट्टी मारतात. पट्टीच्या मागून लूम, म्हणजे वायरची जुडी, जाते का ते आधी बघा.

तोवर घरच्या घरी करता येईल असं सांगतो. साधा डिजिटल मल्टिमीटर पाहिजे. टेस्ट लॅम्प, म्हणजे बल्ब लावलेली टोचणी, ईसीयूच्या वायरला लावायची नाही. तो बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढ्यासाठी ते सर्किट बनवलेलंच नसतं.

पहिल्यांदा बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीची साडेबारा व्होल्टच्या आसपास पाहिजे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. सेल मारताना दहाच्या फार खाली जाऊ नये. बॅटरी मरायला टेकली की ईसीयू कसलेही कोड टाकतो, म्हणून हे आधी.

दुसरं, अर्थिंग. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं थेट इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. कुणाला तरी सेल मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थची पट्टी गंजलीय किंवा ढिली आहे. जुन्या जीपमध्ये हे इतकं नेहमीचं आहे की मी कोड वाचायच्या आधी पाना घेऊन अर्थचे बोल्टच बघतो.

तिसरं, तुमचा खरा मुद्दा. चावी ऑन, इंजिन बंद. बूस्ट सेन्सरचा कपलर काढा आणि गाडीकडून येणाऱ्या प्लगमध्ये तिन्ही पिनवर बॅटरीच्या निगेटिव्हच्या हिशेबानं व्होल्टेज मोजा. एका पिनवर पाच यायला पाहिजेत. कमी आले तर रेल सेन्सरचाही कपलर काढा आणि परत मोजा. एखादा सेन्सर काढल्यावर पाच व्होल्ट परत आले तर तो सेन्सर आतून शॉर्ट आहे. सगळे काढूनही लाइन खालीच राहिली तर वायर कुठंतरी बॉडीला चिकटलीय. आणि सगळं ठीक दिसलं तर मीटर लावलेला ठेवून लूम हातानं हलवत जा, वळणावळणाला. आकडा नाचला की जागा सापडली.

वायरला सुई टोचू नका. आज सापडतं, पण पुढच्या पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरून तांबं हिरवं होतं.

एक ताकीद. कॉमन रेलच्या पायपाचा नट इंजिन चालू असताना कुणीही ढिला करायचा नाही. जुन्या पंपाच्या गाडीत आपण नट ढिला करून कुठला सिलिंडर मारत नाही ते बघायचो. इथं आत हजार बारच्या वर दाब जातो, डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. आप्पा, हे तुमच्या पोरांनाही सांगा.


डिझेलआप्पा (कराड)

सांगतो. हे मात्र खरं बोललात.


जिप्सीप्रेमी (सातारा)

विषय कोडचा निघालाच आहे तर माझं थोडं. मारुती जिप्सी एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली), १३०० सीसी, सुरुवातीच्या काळातली. तिला डोंगल लावायचं १६ पिनचं सॉकेट शोधत बसू नका. त्या काळातल्या मारुतींमध्ये दिवा स्वतःच कोड सांगतो. डायग्नोसिस कपलरमध्ये डायग्नोसिस स्विचची आणि अर्थची पिन एका वायरच्या तुकड्यानं जोडायची, चावी ऑन करायची, आणि दिव्याकडे बघत बसायचं. एक लुकलुक, थोडा थांबा, मग दोन लुकलुक, म्हणजे १२. तो ‘सगळं ठीक’ असा कोड आहे. प्रत्येक कोड तीनदा येतो, मग पुढचा.

माझ्या वहीतले: १३ ऑक्सिजन सेन्सर, १४ आणि १५ पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, २१ आणि २२ थ्रॉटल पोझिशन, २४ स्पीड सेन्सर, ३१ आणि ३२ हवेच्या दाबाचा. आपल्या सालाच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून बघा, आणि पिना जोडण्याआधी कुठली कुठली आहे याची खात्री करा. बारा व्होल्टची पिन अर्थला जोडलीत तर फ्यूज जाईल, नशीब असेल तर फ्यूजच.

कोड पुसायला बॅटरीचा निगेटिव्ह काढून थोडा वेळ ठेवायचा. मिनिटभर पुरतं.


रानवाटा (वाई)

मग थारलाही निगेटिव्ह काढून चालेल का? आमच्याकडचे सगळे मिस्त्री हाच उपाय करतात.


वायरमन_मिरज

जिप्सीच्या त्या ईसीयूची आठवण बॅटरीच्या जिवावर चालायची. बॅटरी गेली, आठवण गेली. कॉमन रेल डिझेलचे बरेचसे ईसीयू कोड अशा मेमरीत लिहितात की बॅटरी आठवडाभर काढून ठेवली तरी कोड तसाच. निगेटिव्ह काढून दिवा गेला असं वाटतं कारण दोष त्या वेळी हजर नसतो. आत कोड बसलेलाच असतो. उलट घड्याळ, रेडिओ सगळं परत लावत बसा.


पठारावरचा_गडी (सातारा)

आज सकाळी केलं. बॅटरी १२.५, चालू असताना १४.१. अर्थ ठीक, सेल मारताना ०.२.

बूस्ट सेन्सरच्या प्लगला ५.०. म्हटलं झालं, सगळं बरोबर. मग काकांनी सांगितल्याप्रमाणे मीटर लावून लूम हलवायला लागलो. फेंडरच्या बाजूला स्नॉर्कलच्या पट्टीजवळ हात गेला आणि आकडा ५ वरून ०.६ ला पडला. सोडलं, परत ५. पट्टीचा बोल्ट काढला. लूमचं काळं कव्हर पट्टीच्या कडेनं चिरलेलं, आत एका वायरचं इन्सुलेशन घासून तांबं दिसतंय. कोरडं असताना टेकत नव्हतं. ओलं झालं आणि गाडी हिंदकळली की टेकत असणार.

दोन्ही सेन्सर जिवंत आहेत. फोटो टाकू का?


वायरमन_मिरज

फोटो टाका. दुरुस्ती चिकटपट्टीनं करू नका, इंजिनच्या उष्णतेनं ती सोडते. वायर कापून, सोल्डर करून वर हीट श्रिंक ट्यूब, आतून गोंद असलेली. मग नवीन कव्हर. पट्टीची कड कानशीनं गोल करा आणि लूम तिच्यापासून लांब बांधा, केबल टायनं, पण इतकी घट्ट नाही की इंजिन हललं की ताणेल.

हे सगळं झाल्यावर आता कोड उडवा. चावी ऑन, इंजिन बंद. इंजिन चालू असताना कित्येक ईसीयू क्लिअर घेतच नाहीत. उडवल्यावर चावी बंद करा, थोडं थांबा, परत ऑन करून वाचा. काहीच नाही आलं तर यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जाऊन या आणि परत वाचा. लोड पडल्याशिवाय बूस्टचा दोष बाहेर येत नाही. पोवई नाक्याला चक्कर मारून ‘झालं ठीक’ म्हणू नका.


कृष्णाकाठ (सांगली)

मस्त धागा. मी काल हौसेनं माझ्या गाडीला डोंगल लावला. चावी ऑन, इंजिन बंद, तर मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) ९५ केपीए, म्हणजे किलोपास्कल, दाखवतंय. नेटवर सगळीकडे लिहिलंय १०१ पाहिजे. सेन्सर गेला म्हणायचं का?


वायरमन_मिरज

१०१ समुद्रकाठी. रत्नागिरीत बसून मोजा, १०१ येईल. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथं ९५ च येणार. साताऱ्यात ९३ च्या आसपास, कासच्या पठारावर बाराशे मीटरला ८८ च्या जवळ. म्हणजे तुमचा सेन्सर अगदी बरोबर बोलतोय.

ही चाचणी फुकटची आहे म्हणून सगळ्यांनी करावी. इंजिन बंद असताना बूस्ट सेन्सरनं त्या गावची हवा दाखवली पाहिजे. घाट चढताना आकडा उतरत गेला पाहिजे. पठारावरही ९९ दाखवत बसला तर मग संशय घ्या.

तसंच सकाळी गार इंजिनला पाण्याचं तापमान बघा. घराबाहेर जेवढी हवा तेवढंच दाखवलं पाहिजे. इनटेक हवेचंही तेवढंच. उणे ४० दाखवलं तर सेन्सरची वायर तुटलीय किंवा प्लग निघालाय. आपल्याकडे उणे ४० महाबळेश्वरातही होत नाही.


रानवाटा (वाई)

आता माझं. २०११ ची स्कॉर्पिओ, सातारा पासिंग. डोंगलचा दिवा लागतो, फोनला जोडतो, पण ॲप ‘ईसीयूशी कनेक्ट होत आहे’ म्हणून फिरत राहतं. मैत्रिणीच्या नव्या गाडीला तोच डोंगल दोन सेकंदांत लागतो.


कृष्णाकाठ (सांगली)

यात सालापेक्षा पासिंग महत्त्वाचं असू शकतं. बीएस-४ एप्रिल २०१० मध्ये फक्त १३ शहरांत आलं. त्यात आपल्या बाजूची पुणे आणि सोलापूर. सातारा, सांगली नाही. आपल्याकडे बीएस-३ गाड्या पुढंही बराच काळ पासिंग होत राहिल्या. सगळ्या देशात बीएस-४ झालं १ एप्रिल २०१७ ला. आणि ओबीडीची (गाडीनं स्वतःचे दोष ओळखून कोड देण्याच्या सोयीची) सक्ती बीएस-४ च्या गाड्यांना होती, २०१० पासून पहिला टप्पा, २०१३ पासून दुसरा, म्हणजे ओबीडी-२. म्हणजे २०११ ची पुणे पासिंग स्कॉर्पिओ आणि २०११ ची सातारा पासिंग स्कॉर्पिओ बाहेरून जुळ्या, आतून वेगळ्या निघू शकतात. बीएस-३ ला सॉकेट असतं, पण ते सगळ्या ॲपशी बोलेलच असं कायदा म्हणत नव्हता.


वायरमन_मिरज

बरोबर. त्यात भर. १६ पिनच्या सॉकेटमध्ये १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचे बारा व्होल्ट, ४ आणि ५ वर अर्थ. तुमच्या डोंगलचा दिवा लागतोय म्हणजे हे ठीक. दिवाच लागला नसता तर आधी फ्यूज बघायला सांगितला असता.

नवीन गाड्या ६ आणि १४ पिनवर कॅन नावाची भाषा बोलतात. जुन्या ७ नंबरवर के-लाइन, तिचा वेग रांगणाऱ्या पोराचा. स्वस्तातले ईएलएम ३२७ च्या नावानं विकले जाणारे नकली डोंगल बरेचसे कॅनपुरते बरे असतात, के-लाइनवर अडखळतात. खोक्यावर २.१ लिहिलेल्यांवर माझा विश्वास नाही. १.५ लिहिलेला बऱ्याचदा चालतो, पण नकलीच तो, खात्री कुठली. ॲपमध्ये प्रोटोकॉल, म्हणजे बोलायची भाषा, ‘ऑटो’वर ठेवू नका, हातानं ‘आयएसओ १४२३०, केडब्ल्यूपी फास्ट’ निवडा. नाही झालं तर केडब्ल्यूपीचाच ५ बॉडवाला. ॲप टॉर्क असो की कार स्कॅनर, सेटिंग दोन्हीत आहे.

तरी नाही झालं तर मल्टिब्रँड स्कॅनर असलेल्या वायरिंगवाल्याकडे जा. नुसते कोड वाचून घ्यायला फार पैसे लागत नाहीत. वाचून घ्या, फोटो काढा, ‘आत्ता क्लिअर नको’ असं आधीच सांगा. त्यांना सवय असते, वाचता वाचताच क्लिअर मारतात.


रानवाटा (वाई)

केडब्ल्यूपी फास्टवर लागला! एकच कोड आहे, पी १ नं सुरू होणारा. ॲप म्हणतं ट्रान्समिशनचं काहीतरी. माझी गाडी मॅन्युअल आहे 😄


वायरमन_मिरज

पी नंतर शून्य असेल तर अर्थ सगळ्या कंपन्यांना सारखा. पी ०१९२ थारमध्येही रेल प्रेशर आणि दुसऱ्या कंपनीतही रेल प्रेशर. पी नंतर १ आला की तो कंपनीचा स्वतःचा. ॲपच्या यादीत बऱ्याचदा परदेशी कंपनीचा अर्थ भरलेला असतो, तो तुमच्या गाडीला लागू नाही. तिथं त्या गाडीचंच मॅन्युअल किंवा कंपनीचा स्कॅनर. ॲपनं सांगितलं म्हणून काही उघडू नका.

शून्यवाल्यांत तिसरं अक्षर कामाचं. १ आणि २ इंधन-हवा, ३ इग्निशन आणि मिसफायर, ४ धुराशी संबंधित म्हणजे ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी सोय) वगैरे, ५ स्पीड आणि आयडल, ६ खुद्द ईसीयू आणि त्याच्या लाइनी, ७ गिअरबॉक्स. कोड बघितल्या बघितल्या कुठल्या खोलीत शिरायचं ते कळतं. तुम्ही कोडचा नंबर टाका, इथं कुणाकडे मॅन्युअल असेल तर सांगतील.


डिझेलआप्पा (कराड)

माझ्या डीआयचा पी शून्य शून्य शून्य शून्य.


जिप्सीप्रेमी (सातारा)

आप्पा, परवा तुमची कोयनानगरच्या रस्त्याला उभी होती ती कुठल्या कोडवर?


डिझेलआप्पा (कराड)

डिझेल संपलं होतं. त्याला काटा आहे.


पठारावरचा_गडी (सातारा)

वायर जोडली, पट्टी घासली, कोड उडवले. कासला जाऊन आलो, परतताना सज्जनगडाच्या फाट्यावरून ठोसेघरही केलं. पाऊस होताच. वाचलं, स्टोअर्डमध्ये काही नाही, पेंडिंगमध्येही काही नाही. स्नॉर्कल बसवणाऱ्याला फोटो पाठवलाय, तो म्हणतो सगळ्यांना असंच बसवतो. म्हणजे इथल्या ज्यांनी ज्यांनी बसवलाय त्यांनी पट्टीच्या मागं एकदा बोट फिरवा.

एक शंका उरली. डोंगल कायम लावून ठेवला तर? रोज बघता येईल.


वायरमन_मिरज

नको. १६ नंबरची पिन चावी बंद असतानाही चालू असते. गाडी पाच-सहा दिवस उभी राहिली आणि बॅटरी आधीच थकलेली असली तर सकाळी सेल बसणार नाही. शिवाय थारमध्ये पावसाचं पाणी आत येतंच. काढून डॅशबोर्डच्या खणात ठेवा.

रोज बघायची गरजही नाही. बारीकसा दोष एकदा येऊन गेला आणि परत आला नाही तर ओबीडी-२ वाल्या गाड्यांत तीन सलग चांगल्या फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. कोड मात्र आत राहतो, इंजिन गार होऊन परत तापण्याच्या चाळीसेक फेऱ्या झाल्या की तोही पुसला जातो. तुमच्या बीएस-३ मध्ये हे आकडे असेच असतील असं धरून चालू नका.


माणदेशी (दहिवडी)

नमस्कार, बरेच दिवस नुसता वाचतोय. जुनी गाडी घ्यायची आहे. २०१४ ची स्कॉर्पिओ, पुणे पासिंग, आता सांगलीत एका एजंटाकडे आहे. २०१९ च्या पुरात सांगलीत किती गाड्या पाण्याखाली होत्या ते आपण बघितलंय, म्हणून धास्ती. एजंट म्हणतो पुरातली नाही, दिवाही कधी लागला नाही. डोंगल लावून काही कळेल का?


कृष्णाकाठ (सांगली)

पूर डोंगलला दिसत नाही. सीटखालचा कार्पेट उचला, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटचा भाग बघा, गाळाची रेघ तिथं राहते. डॅशबोर्डखाली लोखंडी ब्रॅकेटवर गंज बघा. आमच्या गल्लीत धुऊन पुसून चकाचक झालेल्या गाड्यांचे कपलर उघडले की आतून कृष्णामाईच निघायची.


वायरमन_मिरज

कृष्णाकाठ म्हणतात ते आधी करा. पण डोंगलही लावा. पुणे पासिंग २०१४ म्हणजे बीएस-४, ओबीडी-२ असायला पाहिजे, तर एक जास्तीची खिडकी मिळते. विकणारे गाडी दाखवायच्या तासभर आधी कोड उडवतात. दिवा नाही, कोड नाही, गिऱ्हाईक खूश. पण उडवल्यावर ईसीयूत दोन आकडे शून्यापासून मोजायला लागतात: कोड उडवल्यापासून किती किलोमीटर चालली, आणि इंजिन किती वेळा गार होऊन तापलं. ॲपच्या लाइव्ह डेटामध्ये ‘डिस्टन्स सिन्स कोड्स क्लिअर्ड’ आणि ‘वॉर्म-अप्स सिन्स कोड्स क्लिअर्ड’ शोधा. सगळ्याच गाड्या दाखवतात असं नाही, दाखवले तर सोनं. ‘रेडिनेस मॉनिटर’चा पडदाही बघा. तिथं बरंचसं ‘इनकम्प्लीट’ असेल तर ईसीयूनं स्वतःची तपासणी अजून पूर्ण केलेली नाही, म्हणजे नुकतंच काहीतरी पुसलंय किंवा बॅटरी काढलीय.

चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, चेक इंजिनचा दिवा लागतो ना तेही बघा. लागायलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब काढलाय.


माणदेशी (दहिवडी)

आज जाऊन आलो. सीटबेल्ट स्वच्छ, कार्पेटखाली गंज नाही, चावीला दिवा लागतो. कोड एकही नाही. पण डिस्टन्स सिन्स क्लिअर्ड ६ किलोमीटर, वॉर्म-अप १. एजंटाला विचारलं तर म्हणाला बॅटरी नवीन टाकली म्हणून.


वायरमन_मिरज

बॅटरी खरंच नवीन आहे का? वर तारीख पंच केलेली असते.


माणदेशी (दहिवडी)

फोटोत झूम करून बघितलं. दोन वर्षांपूर्वीची आहे.


रानवाटा (वाई)

🙂


वायरमन_मिरज

बयाणा देऊ नका अजून. गाडी वाईटच आहे असंही धरू नका, एखादा ग्लो प्लग (गार डिझेल इंजिन सुरू व्हायला आत उष्णता देणारा) किंवा ब्रेकचा स्विच असू शकतो, तो किरकोळ खर्च. पण काय पुसलं ते कळल्याशिवाय भाव ठरत नाही. एजंटाला सांगा, गाडी दिवसभर द्या, डिझेल माझं. दंडोबाचा चढ चढवा, हायवेला तासभर ओढा, गार होऊ द्या, परत सुरू करा. मग पेंडिंग कोड वाचा. पेंडिंगचा पडदा आधी, कारण पहिल्या फेरीत दिवा न लागताच कोड तिथं येऊन बसतो. नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा.


माणदेशी (दहिवडी)

शनिवारी देतो म्हणालाय. वाचलं की नंबर इथं टाकतो.